कोबाल्टची खाण आणि दोन ओळींची नोंद

टोरांटोहून ११ नंबरच्या हायवेने उत्तरेकडे निघालो की आधी नॉर्थ बे मागे पडते, मग टेमागामीचे उंच पाइन मागे पडतात, आणि साधारण ५०० किलोमीटर झाले की कोबाल्ट हे इवलेसे गाव येते. आम्ही तीन कुटुंबे, मुले आणि दशम्यांचे डबे घेऊन तिथे गेलो ते एका भांडणाचा निकाल लावायला!

त्याचे असे झाले. आमच्या मराठी शाळेतली मोठी मुले कॅनडाविषयी एक छोटासा मराठी कोश करताहेत. केतकरांना ज्ञानकोशासाठी तेवीस खंड लागले, आमच्यापाशी वह्या दोन. त्यामुळे प्रत्येक नोंदीवर घासाघीस. कोबाल्ट गाव घ्यायचे यावर एकमत होते. पण तिथल्या मॅकिन्ले-डॅरा खाणीला स्वतंत्र नोंद द्यायची, की गावाच्या नोंदीतच दोन ओळींत तिला उरकायचे?

हकिकत थोडक्यात सांगतो. १९०३ साली नॉर्थ बेहून उत्तरेकडे सरकारी रेल्वे चालली होती, ती शेतकऱ्यांची वस्ती वाढावी म्हणून. चांदी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. ऑगस्टमध्ये जेम्स मॅकिन्ले आणि अर्नेस्ट डॅरा या रुळांखालचे स्लीपर पुरवणाऱ्या दोघांना तळ्याकाठच्या खडकात चांदी दिसली. पुढच्याच महिन्यात रेल्वेच्या कामावरचा लोहार फ्रेड लारोझ यालाही ती सापडली. लारोझची कथा मात्र गावभर: त्याने म्हणे कोल्ह्याला हातोडा फेकून मारला, नेम चुकला, हातोडा खडकावर आपटला आणि चांदी चमकली. इतकी सोयीची गोष्ट आमच्या आजीनेही सांगितली नसती. गावाला नाव दिले भूगर्भशास्त्रज्ञ विलेट मिलर यांनी. कोबाल्ट हा शब्द जर्मन खाणकामगारांच्या खोडकर भुतावरून आला आहे, म्हणजे आपला मुंजाच म्हणा ना. ऐन भरात, १९११ साली, या परिसरातून वर्षाला तीन कोटी औंसांहून जास्त चांदी निघाली, म्हणजे ९०० टनांच्या वर.

आणि आज? तळ्याच्या दक्षिणेला, उतारावर, खनिज दळायच्या गिरणीचे काँक्रीटचे चौथरे तेवढे उरलेत. सगळे बघून व्हायला पंधरा मिनिटे लागली. "अहो, एवढ्यासाठी पाचशे किलोमीटर? रायगडावर निदान टकमक टोक तरी आहे," असे शेरे सुरू झाले.

मग चौथऱ्यावरच दशम्या सोडून सभा भरली. चांदीच्या हिशेबाने बघायचे तर निपिसिंग खाण मोठी. त्या लोकांनी शिरा शोधायला पाण्याच्या तोफा लावून आख्ख्या टेकडीवरची माती धुऊन काढली होती. गोष्टीच्या हिशेबाने लारोझ पुढे. मॅकिन्ले-डॅराकडे काय? "पहिला शोध!" नववीतली मुलगी ठासून म्हणाली. पण तिच्याच धाकट्या भावाने वाचून ठेवले होते की दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल लोकांच्या चांदीच्या वस्तू अमेरिकेत सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींची चांदी तपासणीत कोबाल्टची निघाली. म्हणजे 'पहिला शोध' हे शब्द कोशात जाऊच शकत नाहीत. 'कागदोपत्री पहिला' एवढेच खरे. ताई गप्प झाली, पण तिने हार मानली नाही. "बाबा, मग तर नोंद हवीच. नाहीतर सगळे कोल्हाच लिहितील."

आम्हाला हे पटले. कोशात माणूस जातो तो नेमकी हीच शंका घेऊन: कुणाला, कधी, कुठे? 'कोबाल्ट' या नोंदीत दोन ओळी दिल्या तर लारोझच्या कोल्ह्याशेजारी या दोघांचे नाव चिरडून जाणार. जागाही अजून पायाखाली आहे, बोट दाखवून सांगता येते. निपिसिंगला पुढे द्या खुशाल नोंद, आमची काही हरकत नाही.

दुसरा मुद्दा अवघड निघाला. इथल्या खनिजात चांदीबरोबर सोमलही होता. गिरण्यांनी दळून उरलेला गाळ तळ्यांत आणि ओढ्यांत सोडला, आणि त्यातला सोमल आजही पाण्यात उतरतो. चांदीच्या पैशावर टोरांटोच्या शेअरबाजाराची भरभराट झाली, गाळ मात्र इथेच राहिला. हे खाणीच्या नोंदीत घालायचे की गावाच्या? गिरण्या अनेक होत्या, दोष एकीच्या माथी मारणे बरे नव्हे, म्हणून ते गावाच्या नोंदीत गेले आणि खाणीच्या नोंदीखाली 'पाहा: कोबाल्ट' अशी खूण आली. कोल्ह्याला 'दंतकथा' म्हणून अर्धी ओळ मिळाली. शीर्षकात डॅरा लिहायचे की डॅराघ, यावर परतीच्या वाटेत नॉर्थ बेपर्यंत वाद चालला होता.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात जा, तोवर चावऱ्या काळ्या माश्या संपलेल्या असतात. खाणीचे म्युझियम आधी बघा, मग अवशेषांच्या पाट्या वाचत फिरा. आणि मुलांना कुंपणापलीकडे सोडू नका, जमिनीखाली जुनी भुयारे आहेत.