तुंगारेश्वराची वाट

वसई रोड स्थानकाच्या पुलावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की इमारतींच्या गर्दीवर डोके काढून बसलेला एक डोंगर दिसतो. पावसाळ्यात तो निम्मा ढगात असतो आणि वैशाखात विटलेल्या घोंगडीच्या रंगाचा होतो. हा तुंगारेश्वर. गाडीची वाट पाहता पाहता आम्ही वसईकर रोज त्याच्याकडे पाहतो आणि गाडी आली की त्याला विसरतो. तरीही वर्षातून एकदा, बहुधा पहिल्या पावसानंतर, प्रत्येक घरात कोणी तरी म्हणतेच, "एकदा त्या डोंगरावर जायला हवे." त्यावर दुसरे कोणी तरी विचारते, "पण जाऊ देतात का तिथे?" आणि विषय तिथेच संपतो.

वास्तविक डोंगर काही फार उंच नाही. दोन हजार फुटांच्या थोडा वर. चढण्याची भीती बाळगण्याजोगे त्यात काही नाही. पण 'जाऊ देतात का' याचे उत्तर दहा जणांना विचारावे, तर अकरा मिळतात. शेजारच्या विरारला हा घोळ नाही. जीवदानीच्या डोंगराला पायथ्यापासून देवळापर्यंत हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. देवीचे नाव घ्यावे आणि चढू लागावे. तुंगारेश्वरही देवाचाच डोंगर. शंकराचे जुने स्थान, परशुरामाचे नाव जोडलेले कुंड, महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी माणसांची रीघ. पण २००३ साली येथले सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. दक्षिणेला खाडीपलीकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि इकडे तानसाचे जंगल. त्या दोहोंमधला हा दुवा. बिबट्याला जायला-यायला वाट हवी म्हणून माणसाच्या वाटेवर फाटक आले, असे म्हणा ना!

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या वर्गातल्या सात-आठ मुलामुलींनी हट्टच धरला. त्यांतला एक धीट मुलगा म्हणाला, "सर, पहाटे पाचला फाटकावर कोणी नसतं. आमच्या सोसायटीतली मुलं तशीच जातात."

मी म्हटले, "आणि वर कोणाचा पाय मुरगळला, तर आपण कुठे आहोत हे कोणाला ठाऊक असेल?"

यावर तो गप्प बसला. याच रानातल्या चिंचोटीच्या धबधब्याला २०१८ च्या जुलैमध्ये अचानक पाणी वाढून शंभरावर माणसे अडकली होती, हे त्यालाही माहीत होते. शिवाय, खरे सांगायचे तर, आपल्याच गावच्या डोंगरावर चोरासारखे चढावे हे मला रुचेना. हा डोंगर आमचा म्हणायचा, तर पुढच्या दाराने जाता आले पाहिजे.

म्हणून मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मिळवला. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला कायद्याची भाषा अगदीच परकी नसते; दोन्हीकडे नियम थोडे आणि अपवाद फार. सत्ताविसावे कलम नकाराने सुरू होते. कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी मिळालेला, आत ज्याचा जमीनजुमल्यावर काही हक्क आहे तो, सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा, आणि अशांपैकी काहींचे कुटुंबीय. यांच्याखेरीज कोणी परवान्यावाचून अभयारण्यात शिरू नये. वाचून मुलांची तोंडे उतरली. पण पुढचेच अठ्ठाविसावे कलम परवाना कशासाठी देता येतो ते सांगते: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. 'पर्यटन' हा शब्द तेथे स्वच्छ छापलेला आहे! म्हणजे कायदा 'येऊ नका' म्हणत नाही, 'विचारून या' म्हणतो.

इंग्लंडात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने लढवला गेला. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढले; त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. माळरानांवर हिंडण्याचा हक्क तिथल्या लोकांना कायद्याने मिळाला तो २००० साली. ही कथा मुलांना फार आवडली. पण तिथले फाटक होते जमीनदारांच्या पाखरांच्या शिकारीसाठी. इथले आहे बिबट्यासाठी. तो लढा इथे जसाच्या तसा आणून चालणार नाही, एवढे त्यांनीही मान्य केले.

आता विचारायचे कोणाला? एका कार्यालयात मला दुसऱ्याचा पत्ता मिळाला आणि दुसऱ्यात पहिल्याचा. तिसऱ्या खेपेस मात्र एक अधिकारी भेटले, त्यांनी खुर्ची दिली आणि दोन वाक्यांत सारे सांगितले. "देवळापर्यंत अर्ज नको, फाटकावर पावती घ्या. वर पठारावर जायचं असेल तर नावांची यादी द्या; माहितगार माणूस बरोबर येईल, आणि सहाच्या आत खाली." एवढेच! फाटकाबाहेर ही दोन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली, तर पहाटे पाचला जाणाऱ्यांपैकी निम्मे सकाळी आठला येतील, असे मला वाटते.

सातिवलीवरून अहमदाबादचा महामार्ग ओलांडला की मोटारींचा गोंगाट मागे पडतो. आम्ही पावत्या घेत होतो, एवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई आमच्या बाजूने झपझप निघून गेली. एका मुलीने विचारले, "यांना नाही का लागत पावती?"

आमच्याबरोबर आलेला वाटाड्या, साठीचा वारली गृहस्थ, हसला. "बाय, आमची वाट हाय ही. कागद तुमाला लागतो."

त्याच्या म्हणण्याला आता कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मानले. मी ते मुलांना सांगू लागलो, तोवर ती त्या म्हाताऱ्याभोवती जमली होती. हा ऐन, हा खैर, ही कारवी, ही आठ वर्षांनी फुलते. त्याचा तास माझ्या तासापेक्षा पुष्कळच रंगला.

देवळापर्यंतची वाट ओढे ओलांडत जाते. पाणी घोट्याएवढे होते आणि चपला हातात घेऊन चालण्याची मौज होती. देवळात घंटा, माकडे, प्रसाद हे सर्व यथासांग. खरा डोंगर त्यापुढे. गर्दी एकदम सरली आणि आपल्याच धापेचा आवाज ऐकू येऊ लागला. वरच्या अंगाला पूर्वी एक आश्रम होता. अभयारण्यातले ते बांधकाम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ मध्ये पाडण्यात आले. भक्तांना त्याचे दुःख झाले, आणि ते मी समजू शकतो. पण गिर्यारोहकाला पावती लागते, तर मठाला सूट कशी असावी?

पठारावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. दक्षिणेला कामणदुर्ग, त्यापलीकडे खाडीची चकाकती रेघ, पश्चिमेला मिठागरे आणि इमारतींचा पांढरा चुरा सांडावा तसे आमचे शहर. जो तो आपापले घर शोधू लागला. कोणालाच सापडले नाही. धीट मुलगा बराच वेळ बसून होता. मग म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला आईला आणतो. ती चोरून कधीच आली नसती."

शिदोऱ्या सुटल्या. चकलीचा एकही कागद मागे राहू नये म्हणून म्हाताऱ्याने स्वतः पिशवी धरली.

उतरताना गुडघे बोलू लागले. फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली, नावे मोजून घेतली आणि बाहेर पडल्याची वेळ माझ्याकडून लिहून घेतली. सहाला दहा मिनिटे कमी होती.