चार चौकटींतील विश्वास

अमेरिकेत शिकणारी नात सुटीत पुण्यास आली, ती इतिहासाच्या तासाला मिळालेले शब्दकोडे सोबत घेऊनच. विषय होता महामंदीच्या काळातील राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची ‘न्यू डील’. सीसीसी म्हणजे बेरोजगार तरुणांना वनीकरणाचे काम, टीव्हीए म्हणजे टेनेसी खोऱ्यातील धरणे व वीज. आद्याक्षरे तिने भराभर भरली. ‘ठेवींचा विमा’ या सूचनेपुढील चार चौकटींत ‘एफडीआयसी’ लिहून ती उठू लागली, तोच आजोबांनी तिला थांबविले.

“बाळ, या चार अक्षरांमागे केवढी रांग उभी होती, ठाऊक आहे?”

१९३० ते १९३३ या काळात तेथे सुमारे ९,००० बँका बुडाल्या. मार्च १९३३ मध्ये तर देशभरातील बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला. त्या वर्षी विमा असलेल्या केवळ नऊ बँका बुडाल्या. ठेव सुरक्षित आहे, एवढे कळताच घाबरून पैसे काढण्याचे कारणच उरले नाही.

“आणि आपल्याकडे, आजोबा?”

आपल्याकडे १९६० मध्ये लक्ष्मी बँक व पलई सेंट्रल बँक बुडाल्यावर जाग आली. १ जानेवारी १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या. आज ती मर्यादा ५ लाख रुपये आहे.

“त्यानंतरच माझ्या आईने डब्यात जपलेल्या नोटा बँकेत नेल्या,” आजोबा म्हणाले.

कोडे केव्हाच सुटले होते. पणजीच्या त्या डब्याविषयी मात्र नातीला अजून बरेच विचारायचे होते.