कानातला बिल्ला, पोटातला महिना

३ जून २०२४, सोमवार
सकाळपासून दवाखान्याच्या खोड्यापुढे रांग. १ तारखेपासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली आहे. त्यामुळे वर्षभर टाळाटाळ करणारेही आज गाई-म्हशी घेऊन हजर. पिवळा बिल्ला, त्यावर १२ अंकी क्रमांक. तो ‘भारत पशुधन’ पोर्टलवर चढला की मालक, वय, लसी, रेतनाच्या तारखा सगळं त्या क्रमांकाखाली जमत जातं.
एका मामांनी विचारलं, “डॉक्टर, गाभण आहे तेपण बिल्ल्यावरच लिहा की. बाजारात वाद नको.”
बिल्ला जन्मभर राहतो, गाभणपण नऊ-दहा महिन्यांत संपतं. मधेच गाभडली तर त्याहून लवकर. मामांना हे पटलं, पण बिल्ल्यावर जागा असूनही काही लिहिलं नाही याची हळहळ चेहऱ्यावर राहिलीच.

५ जून, बुधवार
आज गाभण-तपासण्याच जास्त. साठ दिवसांच्या पुढे हाताला खात्री वाटते. गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगलेलं, आत पाणी. तीन महिन्यांनंतर जाराच्या गाठी बोटांना लागतात. चार-पाच महिन्यांत गर्भाशयाची रक्तवाहिनी मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथरू लागते. सोनोग्राफीत महिन्याभरातच दिसतं, पण ते यंत्र आमच्या दवाखान्यात नाही.
एका संकरित गाईच्या नोंदीत रेतन फेब्रुवारीतलं. हाताला मात्र जेमतेम दोन महिने लागले. मालकिणीला विचारलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, “मधी उलटली होती. शेजारच्या वळूकडं नेली. ते कुठं लिहायचं असतं?”
तिथेच लिहायचं असतं. नाहीतर नोव्हेंबरात रात्र-रात्र जागून वाट बघायची आणि गाय विणार जानेवारीत.

८ जून, शनिवार
तरुण शेतकरी बाजारातून आणलेली गाय घेऊन आला. “सात महिन्यांची गाभण” अशी चिठ्ठी सोबत. खाली सही आणि शिक्का, पण बिल्ल्याचा क्रमांक नाही, तपासणीची तारीखही नाही. ती चिठ्ठी दावणीतल्या कुठल्याही गाईला लागू पडली असती.
हात घातला. पाचवा महिना. व्यापाऱ्याला फोन लावला तर तो म्हणतो, “गाभण आहे ना? मग दोन महिन्यांनी काय बिघडतं?”
बिघडतं. सातवा महिना समजून गाय आत्ताच आटवली, तर दोन महिन्यांचं दूध गेलं. चार महिने खुराक घालायचा आणि डेअरीच्या बिलात शून्य. एवढ्यात घेतलेल्या कर्जाचे हप्ते चुकतात. मी नवा दाखला दिला, गाय आटवू नको म्हणून बजावलं. पैशाचं काय ते त्यांच्यात.

१२ जून, बुधवार
म्हैस कत्तलखान्याला द्यायची म्हणून दाखला हवा होता. भाकड आहे, वर्षभर माज नाही, मालकाने शपथेवर सांगितलं. म्हशींचा माज बऱ्याचदा मुका असतो. रेडा सोबत चरत असेल तर मालकाला पत्ताही लागत नाही. तपासली तर चार महिन्यांची गाभण. कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांनुसार गाभण जनावर कापता येत नाही. दाखला नाकारला.
त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “अजून सहा महिने पोसायचं कशावर, तेबी लिहून द्या.” म्हैस दहा महिने गाभण राहते. कडब्याचा भाव मला ठाऊक आहे. त्याचा प्रश्न माझ्या छापील नमुन्यात बसत नाही.

१७ जून, सोमवार
परदेशातल्या वर्गमित्राशी बोलणं झालं. ऑस्ट्रेलियात गाभण-तपासणीसाठी पशुवैद्यांची वेगळी परीक्षा घेऊन मान्यता देतात. ते तपासलेल्या गुरांना गाभण-भाकड सांगणारे शेपटीचे टॅग लावतात आणि विकत घेणारा त्यावर विसंबतो. तिथे एका वेळी शेकड्यांचा कळप खोड्यातून जातो. आमच्याकडे दारात दोन-चार जनावरं. दाखला मात्र दोन्हीकडे त्याच कारणासाठी लागतो: जे मालाच्या पोटात आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

२० जून, गुरुवार
आज शिपायाला नव्या दाखल्याचा मसुदा टाइप करायला दिला. आधी बिल्ला क्रमांक, मग तपासणीची तारीख, मग अंदाजे महिने आणि मागेपुढे किती दिवस धरायचे ते. तीन महिन्यांच्या आतली गाभण असेल तर पुन्हा तपासणीची तारीख, कारण सुरुवातीला गर्भ टिकेलच असं नाही. शेवटी एक ओळ: पुन्हा माज दाखवला तरी तपासल्याशिवाय रेतन करू नये. काही गाभण गाईही माजावर आल्यासारख्या वागतात आणि घाईत घातलेली रेतनाची नळी आतला गर्भ घालवू शकते.
शिपाई म्हणाला, “साहेब, एवढं वाचतंय कोण?” मी त्याला बिल्ल्याचा क्रमांक ठळक अक्षरात घ्यायला सांगितला. व्यापारी तेवढं तरी वाचतील, आणि चिठ्ठी दुसऱ्या गाईच्या गळ्यात बांधायला कचरतील.