खेड्यातली सुशी

पोराने हट्ट धरला आणि हातात पैसा नसला, म्हणजे आईच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते, "ते आपल्यासाठी नाही." वाक्य लहान आहे, पण ते पोराच्या मनात फार वर्षे राहते. म्हणून ते बोलण्याआधी, पोराने मागितलेली वस्तू आहे तरी काय, एवढे पाहून घ्यावे असे मला वाटते.

गेल्या भातकाढणीनंतर मावळातल्या एका गावी महिला बचत गटाची बैठक होती. बियाणे निवडीवरचे माझे बोलणे संपले, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "सायेब, आमचा बारका टीव्हीवर जपानी कार्टून बघतो आन् सुशी पायजे म्हणतो. म्या सांगितलं, ती कच्च्या माशाची आसती, पैसेवाल्यांची. आपल्याला न्हाई." बाकीच्या हसल्या. पोरगा दाराशीच उभा होता, तो मात्र हसला नाही.

त्या घरात इंद्रायणीची पोती थप्पीला लागलेली होती! भगिनींनो, सुशी हा मुळात माशाचा पदार्थ नव्हे, तो भाताचा पदार्थ आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवलेला भात असला की ती सुशी. मग त्याच्याबरोबर मासा असो, काकडी असो की अंडे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात, सुशी नव्हे.

तिचा जन्मही श्रीमंतीतला नाही. जुन्या काळी मासा टिकावा म्हणून त्याला मीठ लावून शिजलेल्या भातात दाबून ठेवीत. भात आंबे, मासा टिके. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी अशी 'फुनाझुशी' अजून करतात. भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवून हातोहात खायची सुशी १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकप्रिय झाली. तीही कामकरी माणसाने गाड्यावर उभ्या उभ्या खाण्याची.

माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे ओसाकाजवळ राहते. तिला दोन मुले. हॉटेलात चौघांनी जायचे तर खिशाला चाट बसते, म्हणून तिने शेजारच्या आजीबाईंकडून घरची सुशी शिकून घेतली. ती सांगते, तिकडच्या घरांत मुलांसाठी कच्चा मासा लागतोच असे नाही. ३ मार्चला मुलींचा सण असतो, त्या दिवशी आंबटगोड भातावर अंड्याच्या पट्ट्या आणि भाज्या पसरून ताट सजवतात. ती 'चिराशी'. तळलेल्या सोयाबीन पनीरच्या पिशवीत भात भरतात, ती 'इनारी'. इनारी ही त्यांची भातपिकाची देवता. काकडी घालून गुंडाळलेली 'कप्पामाकी' तर मुलांची आवडती. तिखट वासाबी तिकडेही लहान मुलांना देत नाहीत.

मला सर्वांत जवळची वाटली ती शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातली 'इनाकाझुशी'. या नावाचा अर्थच खेड्यातली सुशी. डोंगरातली गावे, ताजा मासा पोचणार कुठून? तिथल्या बायांनी बांबूचे कोंब, आळिंबी, आल्याच्या जातीचे मिओगाचे कोंब भातावर ठेवले आणि व्हिनेगरऐवजी युझू नावाच्या लिंबाचा रस वापरला. जे शिवारात होते त्याचीच सुशी केली.

आपणही तेच करावे. भात मात्र चिकट हवा. तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज नावाचा घटक कमी असला की शिते एकमेकांना धरतात. जास्त असला की भात मोकळा होतो. म्हणून बासमती, कोलम इथे उपयोगाचे नाहीत. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली, आंबेमोहराच्या वंशातली इंद्रायणी या कामाला चांगली. आंबेमोहरही चालेल.

दोन वाट्या तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावा आणि निथळावा. नव्या तांदळाला साधारण दीडपट पाणी घालावे, जुन्याला थोडे जास्त. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावा, उतरल्यावर दहा मिनिटे झाकण काढू नये. तोवर तीन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ विरघळवून ठेवावे. जपानात भात कालवायला पसरट लाकडी भांडे असते. आपली काठवट तशीच आहे, नसल्यास परात घ्यावी. गरम भात पसरून त्यावर हे पाणी शिंपडावे. उलथन्याने कापल्यासारखे हलवावे, घोटू नये. त्याच वेळी दुसऱ्याने सुपाने वारा घालावा. हे काम पोरांना द्यावे, ती आनंदाने करतात.

भात कोमट होईतो एका अंड्याचे एक, अशी पातळ धिरडी तव्यावर घालावीत. समुद्री शेवाळाचा कागद महाग आणि शहरातच मिळणारा; त्याच्यावाचून अडत नाही, जपानातही अंड्याच्या पातळ पोळीत सुशी गुंडाळतात. अंडे चालत नसेल तर कोबीचे पान उकळत्या पाण्यातून काढून घ्यावे. विस्तवावर शेकलेल्या केळीच्या पानावर धिरडे पसरावे, ओल्या हाताने त्यावर भात थापावा, काकडी आणि वाफवलेल्या गाजराच्या बारीक पट्ट्या व भाजलेले तीळ घालून घट्ट गुंडाळावे. केळीचे पान काढून ओल्या सुरीने तुकडे करावेत. अगदी लहान मुलांना ते आणखी बारीक करून द्यावेत.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. नदी-तळ्यातला मासा कच्चा कधीही घालू नये, त्यातून पोटात कृमी जातात. घालायचाच तर पुरता शिजवलेला घालावा. आणि केलेली सुशी त्याच दिवशी, काही तासांतच संपवावी. फ्रिजमध्ये ठेवली तर भात कडक होतो आणि बाहेर फार वेळ राहिली तर बाधतो.

पुढच्या बैठकीत बचत गटाने हे सारे करून पाहिले. तांदूळ आणायची वेळ आली तेव्हा त्या बाई जरा घुटमळल्या. "इंद्रायणी इकायला काढलीया, खायाला रेशनचा हाय," म्हणाल्या. रेशनचा भात तर मोकळा होतो. शेवटी त्यांनी विक्रीच्या पोत्याची शिवण उसवून दोन वाट्या काढल्या. आठ पोरे जेवली. दोघांना आंबटपणा रुचला नाही, एकाने शेंगदाण्याची चटणी मागितली, बारक्याने अंडे आधी खाल्ले आणि भात नंतर. दोन वाट्यांनी पोत्याला काही उणे आले नाही.

चार पैशांसाठी चांगला तांदूळ विकावा लागतो, हे मला कळते. तीस वर्षे याच भातपट्ट्यात फिरतो आहे. पण प्रत्येक पोत्यातले दोन-चार किलो आपल्या पोरांच्या नावाने बाजूला ठेवावेत, एवढे माझे सांगणे आहे. आणि पोराने कधी परक्या मुलखातल्या पदार्थाचे नाव घेतले, तर नाही म्हणण्याआधी त्याला विचारावे, "तो कशाचा करतात रे?" पुष्कळदा उत्तर आपल्याच कणगीत सापडते.