दामाजीपंतांची पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली आणि पांडुरंग विठू महार होऊन बिदरला गेला. तिथवर आले की आपले डोळे भरतात आणि पुढची गोष्ट निसटते. देव दरबारात माफी मागायला गेला नव्हता. त्याने धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली.

मी बँकेत निवृत्तिवेतनाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली, म्हणून मला ती पावतीच आधी दिसत असेल.

नोव्हेंबर महिना आपल्याला बहुधा कार्तिकीचा, त्या टेबलाला हयातीच्या दाखल्यांचा. पती वारल्यावर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते तिने नोकरी धरली म्हणून थांबत नाही. आईवडील दोघेही गेल्यावर विधवा लेकीला मिळते, तिथे मात्र अट आहे. केंद्राच्या नियमांत महिन्याला ९,००० रुपये आणि त्यावरची महागाई, एवढी कमाईची मर्यादा. रेल्वेतही तीच. कमाई तिथवर गेली की हक्क संपला. आणि आपली कमाई नाही, हे लेकीने दरवर्षी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे असते.

आमच्या दिंडीतल्या एका ताईचे वडील रेल्वेत गँगमन होते. ताई विधवा, पदरी एक मुलगा. जुलै २०२२ मध्ये तिला एका खासगी शाळेच्या कार्यालयात १८,००० रुपयांची नोकरी लागली. निवृत्तिवेतन येत राहिले. २०२५ च्या सुरुवातीला पत्र आले: तीस महिन्यांचे अतिप्रदान, ३,९३,६६० रुपये.

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. "काका, सरकारी नोकरीच मोजतात असं वाटलं होतं मला." मी तिचे अर्ज पाहिले. तीन नोव्हेंबरांच्या तीन सह्या. मी काही विचारले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पहिल्या वर्षी खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. पण पोराची फी भरायची होती."

दिंडीत बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. एकाने ऐकले होते की सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली बंद केली आहे. २०१४ चा रफिक मसीह खटल्याचा निकाल आहे खरा. खात्याच्या चुकीने जास्त गेलेला पैसा काही प्रसंगांत निवृत्तांकडून आणि खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून परत घेऊ नये, असे त्यात आहे. पण त्या माणसांनी काही दडवले नव्हते. खोट्या सहीवर ती सावली पडत नाही. दुसरे एक बुवा हसत म्हणाले, तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवली, तूही नोटीस चंद्रभागेत सोड. मला ते हसणे आवडले नाही. तुकोबांनी बुडवली ती इतरांकडून येणे असलेली खते, आणि त्यातही धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन फक्त आपला. आपण दुसऱ्याचे देणे लागतो तो कागद बुडवण्याला वेगळे नाव आहे.

तरी खात्याचेही मला पटत नाही. तीस महिने कोणी ताडून पाहिले नाही आणि मग एका ओळीत 'एकरकमी भरणा करावा'. अठरा हजारांत घर चालवणाऱ्या बाईने चार लाख कुठून आणायचे?

आम्ही अर्ज लिहिला. काय घडले ते जसेच्या तसे, दुसऱ्या वर्षीचेही. तो परिच्छेद गाळू या, असे तिचा दीर म्हणत होता. ताईने तो ठेवला. हप्ते बांधून मिळाले: सहा हजारांचे पासष्ट, शेवटचा ३,६६० चा. मुलाची शिकवणी बंद झाली, आता ती त्याला रात्री स्वतः गणित शिकवते. ज्यांच्या घरी असे वेतन येते त्या माउलींना तिने एवढे सांगायला सांगितले आहे की नोकरी लागली त्याच महिन्यात बँकेला लेखी कळवा, पोच घ्या, नोव्हेंबरची वाट पाहू नका.

सात हप्ते गेले. यंदा आषाढीला ती चालली नाही, बिनपगारी रजा परवडत नव्हती. कार्तिकीला एसटीने येणार आहे, एका दिवसापुरती.