फेसाची बाजू

मिक्सर आणि एअर फ्रायर यांच्या मधल्या फळीवर यंत्रं ओळीने मांडली होती आणि प्रत्येकाच्या खोक्यावर एक आकडा ठसठशीत छापलेला होता. १५ बार. १९ बार. २० बार. 'एस्प्रेसो' त्याखाली बारीक अक्षरांत. दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा, गळ्यात ओळखपत्र. हा स्वतः चहाच पीत असणार असं मला उगाच वाटलं. मी पंधरावाल्या खोक्याला हात लावला तसा म्हणाला, "मॅडम, तो नका घेऊ, पंधराचाच आहे. हा वीसवाला घ्या, थोडेच जास्त पडतील." पंधराचाच म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल केवढी कणव होती!

त्याचं काही चुकलं नाही. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हे आपण टीव्हीच्या इंचांपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत शिकतच आलो आहोत. पण एस्प्रेसोला लागतात साधारण नऊ. एक बार म्हणजे ढोबळमानाने दहा मीटर उंच पाण्याचा भार. तेव्हा नऊ बार म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी, आणि तळमजल्याच्या नळाखाली अठरा ग्रॅम कॉफी. घरातला कुकर शिट्टीला येतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक बारने जास्त असतो, एवढं लक्षात घेतलं की नऊ म्हणजे काय ते कळतं.

खोक्यावरचा वीस हा आकडा खोटाही नसतो. पाण्याची पुढची वाट पूर्ण बंद केली तर पंप कुठवर रेटा देईल, त्याचा तो आकडा. वाट मोकळी झाली, पाणी वाहू लागलं की दाब उतरतो. बऱ्या यंत्रात तर जादा दाब परत टाकीकडे सोडणारी झडपच असते. म्हणजे पंप पंधराचा असो की विसाचा, कॉफीच्या वाट्याला यायला हवेत नऊच. हे त्या मुलाला सांगावंसं वाटलं, पण शनिवारची संध्याकाळ होती, त्याला टार्गेट असणार. मी नुसती मान हलवली.

या नवाचा मूळपुरुष मिलानचा आकिल्ले गाज्जा. त्याच्याआधी वाफेचं राज्य होतं. तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेच्या जोरावर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याच वर्षी तिथल्या प्रदर्शनात ते मांडलं आणि पुढे त्याचा कारखाना काही काढला नाही. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेत्झेराने एकेका कपापुरती कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते देझिदेरिओ पावोनीने विकत घेतलं आणि १९०५ पासून यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली. उभी, उंच, झगझगीत यंत्रं. पण त्यांचा दाब असायचा दीड-दोन बार. वाढवायचा तर वाफ आणखी तापवा, आणि तापवली की कॉफी करपणार. कॉफीला मानवतं ९० ते ९६ अंशांच्या आसपासचं पाणी, त्यापुढे ती कडू बोलू लागते. गाज्जाने उष्णता आणि दाब यांची फारकत केली. १९३८ मध्ये त्याने आपलं पहिलं पेटंट नोंदवलं आणि महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, स्प्रिंग आणि दांड्याचं यंत्र आणलं. माणसाने दांडा ओढायचा, स्प्रिंग आवळली जायची, सोडली की ती पाण्याला कॉफीतून रेटायची. आणि कपावर कधी कोणी न पाहिलेला सोनेरी फेस आला. म्हणतात, गिऱ्हाईकं बिचकली, हा कसला मळ म्हणून विचारू लागली. मग गाज्जाने जाहिरात केली की ही कॉफीचीच नैसर्गिक साय आहे. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीने विजेच्या पंपाचं ई-६१ आणलं (नाव त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून) आणि दांडा ओढणारा हात रिकामा झाला.

मी एस्प्रेसो पहिल्यांदा प्यायले ती मंगल कार्यालयात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दुपारच्या पंगती उठलेल्या, फरशी पुसून झालेली, अक्षतांचे दाणे तरीही पायाला टोचणारे. संध्याकाळी स्वागतसमारंभ. स्टेजवर नवरा-नवरी अवघडून उभी, त्यांच्यापुढे पाकिटं घेतलेल्या मंडळींची रांग. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात दुसरी रांग, जास्त लांब आणि जास्त आनंदी. लग्न मे महिन्यातलं असेल तर तिथे आइस्क्रीम. मार्गशीर्षातलं असेल तर एस्प्रेसो. सगळे तिला एक्स्प्रेसोच म्हणायचे. लग्न ठरवायच्या बैठकीत हा मुद्दा हमखास निघे. "मुलाकडचे एक्स्प्रेसो ठेवा म्हणतायत," असं माझ्या मामाने घरी येऊन सांगितलं तेव्हा आजीने विचारलं होतं, "म्हणजे आणखी एक गाडी करायची?"

पांढरं कापड घातलेल्या टेबलावर ते यंत्र असायचं: निकेलचं चकचकीत पिंप, वर दाब दाखवणारी तबकडी, अंगाला दोन वाकड्या नळ्या, खाली शेगडी आणि तिची रबरी नळी टेबलाखालच्या सिलिंडरला. त्याच्यामागे कॉफीवाला, खांद्यावर ओलं फडकं. आमच्याकडे कायम येणाऱ्याला मी फार निरखलं आहे. नवरीपेक्षा जास्त. त्याच्या डाव्या हाताला एका पातेल्यात इन्स्टंट कॉफी आणि साखर थोड्या पाण्यात घोटून ठेवलेली असायची, फिकट बदामी रंगाची, चमच्यावरून ओघळायला नाखूश. तो मोठ्या मगात दूध घ्यायचा, त्यात चमचाभर ते घोटलेलं, आणि मग नळीच्या टोकाखाली धरायचा. चावी फिरवली की पहिल्यांदा कानठळ्या बसवणारी किंकाळी. जवळ उभ्या असलेल्या बाया शालू सावरत दोन पावलं मागे. तो मात्र मग बोटभर खाली घ्यायचा, बोटभर वर, एका बाजूला कलता धरायचा, आणि किंकाळी हळूहळू जाड होत गुरगुरीवर यायची. दूध किती तापलं ते तो मगाच्या बुडाला तळहात लावून ओळखायचा. चावी बंद. टेबलावर मगाचा एक ठोका, मोठे बुडबुडे फुटावेत म्हणून. मग कपात उंचावरून धार, शेवटी चमच्याने फेस, आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून कोको पावडरीचा शिडकावा. फडक्याने नळी पुसायची, वाफेचा एक फुस्कारा सोडायचा, पुढचा कप.

आम्ही पोरं त्या पावडरीसाठी भांडायचो. "काका, माझ्यावर अजून टाका ना." धाकट्या काकांची तक्रार ठरलेली, अर्धा कप नुसता फेसच देतो म्हणून, ती तक्रार ते दुसरा कप हातात घेऊन करत. मिशीवाल्यांच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या आणि बायका एकमेकींच्या नवऱ्यांकडे बोट दाखवून हसायच्या, एरवी न हसणाऱ्यासुद्धा. मुलीच्या वडिलांचं लक्ष मात्र उष्ट्या कपांच्या टबाकडे, कारण हिशोब कपावर असायचा. एका लग्नात आमच्यातल्या कोणी किती कप प्यायले याची चौकशी थेट आईपर्यंत आली होती.

मग घरी आठवडाभर फेटणं चालायचं. कपात कॉफी, साखर, पाण्याचे चार थेंब आणि चमचा. काळपट चिखलाचं बदामी लोणी होईस्तोवर मनगट दुखायचं. आई म्हणायची, कपाचा कान तुटेल. तिला स्वतःला ही थेरं मान्य नव्हती. तिची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, किसणीच्या बारीक बाजूवर दोनदा घासलेलं जायफळ घातलेली, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी. कॉफीचे जाणकार जायफळ म्हटलं की डोळे मिटून घेतात. मिटोत. मराठी स्वयंपाकघराने कॉफीवर केलेला तो सर्वांत मोठा उपकार आहे असं माझं मत आहे आणि वय पाहता ते बदलण्याची शक्यता नाही.

आता कळतं की कार्यालयातल्या त्या यंत्राचं सगळं काम दुधावर चालायचं. कॉफीतून दाबाने पाणी रेटणं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. बेत्झेराच्या काळातली वाफ तेवढी आमच्यापर्यंत पोचली, गाज्जाचा दांडा राहिला तिकडेच.

बेंगळुरूला असलेला माझा भाचा या बाबतीत कडवा आहे. दुकानातून त्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "मावशी, एकही घेऊ नकोस. आधी ग्राइंडर." मग फोनवर शिकवणी. सर्वांत स्वस्त जी असतात त्यांत पंपच नसतो, वाफेवरच चालतात, ती बाद. पंपवाल्या स्वस्त यंत्रांतली चाळणी बहुधा दुहेरी बुडाची असते: आतल्या बुडाला शेकडो भोकं, बाहेरच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं एकच. कॉफी शिळी असो, जाडीभरडी असो, त्या एका भोकातून ती चिळकांडीसारखी उडते आणि फेस हा येतोच. "तो फेस खोटा असतो," भाचा म्हणाला. मला कॉफीवाले काका आठवले आणि मी त्या फेसाची बाजू घेतली. तयार दळलेलं पाकीट आणायचं, वर वाटीभर दूध ओतायचं, सकाळी साडेसहाला डबे भरायचे, अशा घरात ती दुहेरी चाळणी म्हणजे देवदूत आहे. तिथे एकेरी बुडाची चाळणी नेऊन देणं हा निव्वळ छळ.

पण कॉफी नुसती, काळी, दोन घोटांची प्यायची असेल तर त्याचंच खरं. एकेरी चाळणीत पाण्याला अडवायला दुसरं कोणी नसतं. कॉफीच्या दळणानेच अडवायचं. आणि ते दळण मिक्सरमध्ये होत नाही. मिक्सरचं पातं दाणे तोडतं, थोडी भुकटी, थोडा रवा. रव्यातून पाणी पळून जातं, भुकटी कडवट उतरते. कॉफीचा ग्राइंडर मात्र जात्यासारखा, दोन दातेरी पाळ्यांच्या फटीतून दाणा सारखा दळून काढणारा, फट केसभर कमी-जास्त करता येणारा. अठरा ग्रॅम कॉफी घालून पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास कप भरला तर जमलं. लवकर भरला तर दळण बारीक करा, रडतखडत भरला तर जाड. पंधराच्या पंपाऐवजी विसाचा घेऊन यात तसूभर फरक पडत नाही. पैसे कमी असतील तर ते यंत्रातून कापावे, दळणातून कापू नयेत. हाताने फिरवायचा ग्राइंडर तेवढ्याच तोलाच्या विजेच्या ग्राइंडरहून बराच स्वस्त पडतो. मनगटाला सवय आमच्या पिढीला आहेच.

बाकी माझ्या आवडीनिवडी. बटणं कमी असावीत. पडदा तर नकोच. चाळणी कॅफेतल्यासारखी ५८ मिलिमीटरची असेल तर तिचं सामान कुठेही मिळतं. ५१ किंवा ५४ चीही चालते, फक्त शोधाशोध वाढते. स्क्रू काढून उघडता यावं. गाज्जाच्याच नावाचं 'क्लासिक' १९९१ पासून जवळजवळ त्याच रूपात चालू आहे, लोक ते स्वतः उघडून आतली स्प्रिंग बदलतात आणि नऊवर आणून ठेवतात. पण इथे त्याच्या किमतीत चांगला फ्रिज येतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, किटलीच्या तळाला चुन्याचा पांढरा थर, म्हणजे कुठल्याही बॉयलरला अधूनमधून लिंबूसत पाजणं आलंच. शेवटी मी पंपच नसलेलं, हाताच्या दांड्याचं घेतलं. किटलीतलं पाणी ओतायचं आणि दांडा स्वतः दाबायचा. छोट्या तबकडीवर काटा नऊकडे सरकताना दिसतो. पहिले थेंब काळे, जड, काकवीसारखे लोंबणारे, मग ते एकत्र येऊन बारीक तांबूस धार. इटालियन लोक तिला उंदराची शेपटी म्हणतात. वाफेची नळी याला नाही. दूध मी तापवून फ्रेंच प्रेसमध्ये घुसळते, भाच्यासमोर नाही.

दुसरं त्याच्यासमोर न बोलायचं म्हणजे रोबस्टा. त्याच्या घरी शंभर टक्के अरेबिका, पाकिटावर मळ्याचं नाव, मळ्याची उंची. आपल्या देशात पिकते ती बरीचशी, सत्तर टक्क्यांच्या आसपास, रोबस्टा. तिला इथे कोणी पाकिटावर मिरवत नाही. पण भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं इटली आहे, आणि तिथले जुने भाजणारे आपल्या मिश्रणात रोबस्टा घालतात ती दोन कारणांनी: अंगाला जडपणा येतो आणि फेस दाट बसतो. म्हणजे नेपल्सच्या एखाद्या बारमध्ये उभ्याने झोकलेल्या कपावरच्या फेसात वायनाड-कोडगूचा वाटा असू शकतो. मी आता माझ्या पाकिटात तिसरा हिस्सा रोबस्टा मागवते. फेस असा येतो की कोकोचा डबा शोधावासा वाटतो.

भाच्याचं लग्न डिसेंबरात आहे. त्याच्या मित्रांनी कॅफेवाले बोलवायचं ठरवलंय: पाट्या, पानं काढलेली लाटे, ओट्सचं दूध. बोलवा म्हटलं. दुसऱ्या कोपऱ्यात मी आमचं मांडणार. चार केटरर्सना फोन करून झाले; पाचवा म्हणाला, जुनं मशीन आहे गोडाऊनमध्ये, गॅसकेट बदललं की चालेल, कपावर रेट. मी विचारलं, चालवणारा माणूस? तोही आहे म्हणाला, पूर्वी ते चालवायचा त्याच माणसाचा मुलगा आहे, पण कोकोचे पैसे वेगळे.