घाटात जाण्याआधी जॅक अंगणात लावून पाहा



ओतूरहून कल्याणच्या रस्त्याला लागलात की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी आपली सोबत करू लागते. मढ मागे पडले की भाताची खाचरे दिसतात आणि उत्तरेला हरिश्चंद्रगडाच्या रांगा ढगांत डोके खुपसून बसलेल्या असतात. मग येतो माळशेज घाट. आषाढात इथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. वरून धबधबे कोसळत असतात आणि दरडीची भीती मनात असतेच. शहरातली मंडळी हौसेने इथे भिजायला येतात. आपला शेतकरी मात्र भरलेली गाडी घेऊन बाजार गाठायच्या घाईत असतो.

ही घाई आजची नाही. जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, जुन्नरचा माल त्या वाटेने कोकणात उतरत असे. जकातीची नाणी ज्यात टाकीत असे सांगतात, तो दगडी रांजण आजही तिथे आहे. पुढे बैलगाड्या आल्या. बैलगाडीवाला वंगणाचा नळा गाडीला टांगल्याशिवाय लांबच्या वाटेला निघत नसे. आज बैलगाडीची जागा पिकअपने घेतली आहे, पण निघण्याआधी वंगण पाहण्याची ती सवय काही आपण बरोबर आणली नाही.

मी कृषी खात्यातला माणूस. खते, बियाणे, रोग-कीड यांवर बोलावे, जॅकवर कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण घडले.

२०१८ चा जुलै महिना होता. मला कल्याणला जायचे होते. ओळखीचे एक शेतकरी टोमॅटो घेऊन निघाले होते. "साहेब, पुढे बसा की," म्हणाले. गाडी जुनी, कागदावर सव्वा टनाची. मागे वीस-वीस किलोचे ९० क्रेट. हिशेब तुम्हीच करा. पुढे आम्ही दोघे आणि त्यांच्या पत्नी, क्रेटवर ताडपत्री धरून पुतण्या.

घाटाच्या तोंडाशी, जरा उतारावर, मागचे डावे चाक बसले. गाडी कडेच्या मुरमावर घेतली. सीटमागून गाडीबरोबर आलेला जॅक निघाला. वर्षानुवर्षे कोणी त्याला हात लावला नव्हता. टायर बसल्यामुळे एक्सल इतका खाली आला होता की जॅक आत जाईना. पुतण्याने हातांनी मुरूम उकरून तो कसाबसा बसवला. हँडब्रेकची तार कधीच सैल झालेली, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकली. वहिनींनी एक दगड आणून पुढच्या चाकाच्या मागे लावला.

चाक वर उचलले गेले, नट काढले, चाक बाहेर आले. पुतण्या वाकून आत हात घालून काही पाहत होता. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अरे, आधी हात पूस, निसटेल काही." तो टॉवेल घ्यायला वळला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. जॅक आडवा झाला. ब्रेकचा ड्रम दाणकन मुरमात रुतला. जिथे रुतला, तिथेच क्षणापूर्वी त्याचा हात होता.

कोणी काही बोलले नाही. नंतर वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाव उद्या परत येईल. हात नसता आला."

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. त्याने आधी ४० क्रेट उतरवायला लावले. पुढच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने दगड लावले. मुरमावर जाड फळी टाकली आणि तिच्यावर आपला मोठा जॅक ठेवला. काम करता करता त्याने चूक समजावली. मागचे एक चाक अधांतरी झाले की गिअर गाडी धरून ठेवत नाही. मागच्या एक्सलमधल्या दातेरी चक्रांच्या रचनेमुळे वरचे चाक मोकळे उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक सुटते. आमचा दगडही चुकीच्या बाजूला होता. चढावर लावायची सवय आम्ही उतारावर वापरली होती.

बाजाराला पोचलो तेव्हा भाव उतरला होता. पण माणूस धड होता.

वाचकहो, गाडीबरोबर मिळणारा जॅक वाईट नसतो. पण तो सपाट, टणक जागेसाठी आणि गाडीच्या ठरलेल्या वजनासाठी असतो. आपण त्याला चिखलात आणि दीडपट ओझ्याखाली घालतो. म्हणून इतके करा.

हातभर रुंद, दोन-अडीच इंच जाडीची बाभळीची फळी आणि लाकडाच्या दोन पाचरी कायम गाडीत ठेवा. आट्यांच्या जॅकला ग्रीस द्या. तेलाच्या जॅकखाली ओल दिसली तर तो दुरुस्त करून घ्या. हँडब्रेक तर आजच पाहा. गाडीखाली टांगलेली स्टेपनी वर्षातून दोनदा तरी उतरवा, नाहीतर साखळी गंजून ऐन वेळी सुटत नाही. तिच्यातली हवाही तपासा.

रस्त्यावर वेळ आलीच तर थोडे पुढे जाऊन सपाट जागा गाठा. टायर गेला तरी चालेल. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. मागे त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवा. माल उतरवण्याचा कंटाळा करू नका. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. जॅक गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. गाडी उचलल्यावर स्टेपनी आडवी करून सांगाड्याखाली सारा, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी तिच्यावर टेकेल. गाडीखाली हात, पाय, डोके घालू नका. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा आणि पुढे काही मैलांवर पुन्हा आवळून पाहा. निघताना दगड रस्त्यातून उचला. धुक्यात तुमचा दगड एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेईल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एखाद्या मोकळ्या दुपारी गाडी अंगणात घ्या, मागच्या चाकाची हवा सोडा आणि चाक बदलून पाहा. जॅक आत जातो का, पाना नटाला बसतो का, सगळे तिथेच कळेल. घरातल्या पोरांना आणि बायकांनाही जवळ उभे करा. दगड कोणत्या बाजूला लावायचा हे चाक बदलणाऱ्याइतकेच बाजूला उभ्या असलेल्यालाही ठाऊक हवे.

माळशेजचे धबधबे पुढच्या आषाढातही असतील. तुमची गाडी तिथून जाईल तेव्हा फळी बरोबर असू द्या.